टायर नवा, रस्ता कोरडा

रस्ता कोरडा होता, टायर कोरे करकरीत होते आणि हवेचा दाबही नेमका होता. तरीही अन्विता आत्याची नवी मोटरसायकल पन्हाळ्याच्या घाटातल्या एका साध्या वळणावर मागून घसरली. वेग म्हणाल तर सायकलवालाही हसला असता इतका कमी. मग ती घसरली कशी?

मोटरसायकलच्या डोक्यात एक संगणक होता आणि त्याला बोलायची भारी हौस होती. गाडी उभी करताक्षणी त्यानं निकाल दिला : "घसरण्याची चार कारणे संभवतात. रस्ता कोरडा आहे. टायर नवे आहेत. दाब योग्य आहे. उरली चालकाची चूक."

आत्याच्या कोपराला नुसतं खरचटलं होतं, पण हे वाक्य तिला फार खोल लागलं. दोन वर्षांपूर्वी शर्यतीत पडून तिचा खांदा मोडला होता. खांदा जुळला, पण हातात पूर्वीची जाण उरली आहे की नाही, ही शंका काही मिटेना. आता २०६१च्या घाटशर्यतीसाठी पुढच्या रविवारी निवड चाचणी होती. आत्यानं गाडीवर कापड टाकलं आणि शनिवारी नाव मागे घेईन म्हणून शांतपणे सांगून टाकलं. तिनं आदळआपट केली असती तर घरच्यांना जरा बरं वाटलं असतं.

अकरा वर्षांच्या उर्वीला हे मुळीच पटलं नाही. दोष आत्याचा नसून गाडीचाच आहे, हे सिद्ध करायचं तिनं ठरवलं आणि तक्रारींची यादी घेऊन ती आजोबांच्या खोलीत गेली. तिचे आजोबा, म्हणजे आप्पा, जन्मभर घर्षणाचा (दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकताना होणाऱ्या विरोधाचा) अभ्यास केलेले शास्त्रज्ञ होते. निवृत्त झाले तरी दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीपाशी अर्धा तास रमायचे.

उर्वीची पहिली तक्रार पंख्याची होती. गाडी बंद केली तरी तो घोंघावत राहतो. आप्पा म्हणाले, ते बरंच आहे. हे इंजिन हायड्रोजन जाळतं, त्यातून धुराऐवजी वाफ निघते, पण उष्णता काही चुकत नाही. इंजिन थांबलं तरी त्याच्याभोवतीचं पाणी तापलेलंच असतं, ते निववायला पंखा चालू राहतो. दुसरी तक्रार साखळीची. नव्या साखळीच्या कड्या पहिल्या काही दिवसांत आपापल्या जागी बसतात, म्हणून ती सैल पडून खडखडते. एकदा ताणून घेतली की झालं.

तिसरी तक्रार मोठी होती. पहिले आठशे किलोमीटर होईपर्यंत संगणक इंजिनाला जोरात फिरूच देत नव्हता. आप्पांनी तिला सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक गोष्टी मोठ्या करून दाखवणाऱ्या यंत्राखाली) धातूचा एक चकचकीत तुकडा दाखवला. डोळ्यांना आरशासारखा दिसणारा तो तुकडा भिंगाखाली नांगरलेल्या शेतासारखा होता, नुसते उंचवटे आणि चऱ्या. नव्या इंजिनात असे दोन धातू एकमेकांवर सरकत असतात, आप्पांनी समजावलं. हळूहळू, कमीजास्त वेगानं चालवलं तर दोघांचे उंचवटे थोडे थोडे झिजतात आणि ते एकमेकांना नीट बसतात. सुरुवातीलाच दामटलं तर ते तापून एकमेकांना ओरबाडतात. नवी वहाण पायात मुरायला दिवस लागतात, तसंच हे.

उर्वीची यादी संपली आणि गाडी निर्दोष ठरली. तिचा चेहरा पडला. "मग ती घसरली का?"

"इंजिनाच्या आत घर्षण कमी हवं," आप्पा म्हणाले, "पण टायर आणि रस्त्यात ते भरपूर हवं. तू तालमीत पैलवान बघितलाईस की. घामानं ओलं झालेलं अंग हाताला सापडतंय काय? निसटतंय. म्हणून एकमेकांच्या अंगावर तांबडी माती टाकतात. टायरचंही तसंच. साच्यातून निघालेल्या नव्या रबराचं अंग गुळगुळीत असतं. ते रस्त्यावर घासून खरखरीत होईपर्यंत पकड थोडी कमीच असते. पण इतक्या कमी वेगात घसरायचं, म्हणजे रबरावर काहीतरी बुळबुळीत असायला पाहिजे. आणि टायरला तेल लावायला कोण जातंय?"

उर्वीला खंडेनवमी आठवली.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून, तेलाचा हात फिरवून पूजेला मांडायचं काम दरवर्षी तिच्याकडे असे. विळी, कात्री, शिवणयंत्र, आप्पांचे पाने, सगळं लखलखलं पाहिजे. यंदा त्या रांगेत नवी मोटरसायकल होती. तिचे टायर काळेभोर दिसावेत म्हणून उर्वीनं दोन्ही टायरना खोबरेल चोळलं होतं. अगदी मनापासून चोळलं होतं. आणि पूजेनंतर गाडी पहिल्यांदा बाहेर पडली ती थेट घाटात. गाडी बनवणाऱ्यांनी जगभरच्या चुकांची यादी केली असेल, पण टायरची पूजा त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. म्हणून संगणकाच्या हिशेबात चारच कारणं होती आणि पाचवं आप्पांसमोर उभं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. कुणालाही संशय आला नसता. पण मग आत्या जन्मभर स्वतःलाच दोष देत राहिली असती. उर्वीला भीती वाटत होती, रडूही येत होतं. तरी ती उठली आणि थेट आत्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, टायरना मी तेल लावलं होतं. खंडेनवमीला."

आत्या तिच्याकडे वळली. "किती?"

"अर्धी वाटी. दोन्हींना."

उर्वीनं मान खाली घातली. ओरडा बसणार, कदाचित चापटही. पण आत्या पायरीवर बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे माझा हात चुकला नव्हता," ती म्हणाली.

ओरडा नंतर बसला आणि तो चांगला दणदणीत होता. तुझ्या अर्ध्या वाटीनं माझा जीव गेला असता, हे आत्यानं स्पष्ट ऐकवलं. मग दोघींनी साबणाच्या पाण्यानं टायर तीन वेळा धुतले. आप्पांनी बोट घासून पाहिलं आणि पसंतीची मान हलवली. पुढचे चार दिवस आत्या मोकळ्या मैदानावर मोठी वर्तुळं घेत राहिली, प्रत्येक फेरीला गाडी आधीपेक्षा थोडी जास्त कलवत. टायरच्या कडा हळूहळू खरखरीत होत गेल्या. उरलेले किलोमीटर हमरस्त्यावर भरले आणि संगणकानं आपली अट मागे घेतली. आप्पांनी त्याच्या यादीत पाचवं कारण घातलं. त्याबद्दल मात्र तो चक्क काही बोलला नाही.

रविवारी उर्वीला खोकल्यामुळे घरीच ठेवलं होतं. दुपारी आत्याचा फोन आला, तो आप्पांना नाही, उर्वीला.

"बारा जणांना घेतलं. मी बारावी," आत्या म्हणाली. तिला धाप लागली होती आणि ती हसत होती. "पुढच्या महिन्यात हिमालयातले घाट आहेत. टायर परत नवे मिळणार. घासायला यायचंय तुला, आताच सांगून ठेवते."