पहिल्या मांडणीतली मुलगी

विश्वास ठेवाच असा आग्रह मी धरणार नाही. पण माझी आत्या हे सांगते तेव्हा तिचा आवाज एकदाही चढत नाही, आणि जन्मात तिनं कुणाला खोटा निरोपसुद्धा दिलेला नाही. देवासमोर उभं केलंत तरी मी हेच सांगेन. घडलं ते असं घडलं.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं.

मंगळवारची दुपार होती, पावणेतीनची. बाहेर लख्ख ऊन.

आणि जागा होती... खेळण्यांचं दुकान.

हसलात ना? मीही हसलो होतो. आता ऐका.

आत्याचं काम खेळणी विकण्याचं नव्हतं, मांडण्याचं होतं. दुकान अवाढव्य. आत यायला एक दार, बाहेर पडायला दुसरं, आणि मधे एकच वळणावळणाची वाट. जमिनीवर पिवळे बाण. वीस पावलं सरळ चालता येईल अशी जागा आत्यानं कुठंच ठेवली नव्हती. शेवट दिसला की लोक पाय भराभर उचलतात म्हणून. घड्याळ नाही, खिडकी नाही. गिऱ्हाईक जे घ्यायला आलंय ते सगळ्यात लांब. आणि प्रत्येक कपाट मोठ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा एक फळी उंच, म्हणजे पलीकडची गल्ली दिसायलाच नको.

"गिऱ्हाईक हरवलं पाहिजे," ती नव्या माणसांना सांगायची, "पण आपण हरवलोय असं त्याला वाटता कामा नये."

मांडणी झाली की आत्या गुडघ्यांना जाड पट्टे बांधायची आणि सगळी वाट गुडघ्यांवर चालायची. पोरांना काय दिसतं ते बघायला. लोक थांबून बघायचे. माल लावणारा एक काडीसारखा माणूस होता, त्याला सगळे पहिलवान म्हणायचे. तो तर रोज टोमणा मारायचा.

"ताई, एवढी देवळात रांगली असतीस तर देव घरी राहायला आला असता."

"देवाकडं आणि पोरांकडं खालूनच बघायचं असतं रे," आत्या म्हणायची. "तू उभाच राहा. वाकलास तर मोडशील."

आणखी एक रीत होती तिची. दर सहा महिन्यांनी सगळं दुकान फिरवायचं, नवा नकाशा काढायचा, आणि जुना फाडून टाकायचा. दुकानात दोन नकाशे राहिले की माल चुकीच्या जागी लागतो. म्हणून ती स्वतःच्या हातानं चार तुकडे करायची आणि टोपलीत टाकायची. आठ वर्षांत पंधरा नकाशे फाडले. सोळावा भिंतीवर.

तर त्या मंगळवारी ती गुडघ्यांवर होती. कोड्यांच्या खोक्यांच्या कपाटापाशी. दुकान जवळजवळ रिकामं.

तेव्हा तिला हुंदका ऐकू आला.

खोक्यांच्या पलीकडून...

"कोण आहे गं तिकडं?" आत्यानं विचारलं. तिला नवल वाटलं नाही. पोरं हरवायची. पाच मिनिटांत सापडायची.

"मी."

"मी म्हणजे कोण बाळा?"

"घरी मला ठकू म्हणतात."

"आई कुठाय तुझी?"

"पुढं होती. मग वळण आलं."

आत्यानं दोन खोक्यांमधल्या फटीत बोट घातलं. घाबरलेल्या पोराला काहीतरी धरायला लागतं, हे तिला ठाऊक होतं. पलीकडून इवल्याशा मुठीनं ते बोट धरलं. मूठ गार होती. धुळीनं भरलेली.

"पहिलवान," आत्यानं हाक मारली, "पलीकडं जा बघू. एक मुलगी आहे, तिला घेऊन ये."

पहिलवान आला. कपाटाकडं बघितलं. आत्याकडं बघितलं.

"कुठं जाऊ, ताई?"

"पलीकडच्या बाजूला."

"ताई... याला पलीकडची बाजू नाही. ही बाहेरची भिंत. पलीकडं रस्ता आहे."

आत्याला ते माहीत होतं. तो नकाशा तिनंच काढला होता.

पण बोट कुणीतरी धरलेलं होतं...

पहिलवानानं एकेक खोकं काढलं. मागं फळी, फळीमागं भिंत. फट नाही, भोक नाही. आत्याचं बोट हवेत होतं. आणि टोकाशी पांढरं पडलेलं, कुणी करकचून दाबावं तसं. हे पहिलवानानं डोळ्यांनी बघितलं. त्याला विचारा, तो अजून आहे.

"खोकी का काढली?" आवाज आला. "आता तू दिसत नाहीस."

पहिलवानाच्या हातातलं खोकं खाली पडलं. आवाज त्यालाही ऐकू आला होता. त्यानं सगळी खोकी परत लावली.

"ठकू," आत्या म्हणाली, "तुझ्या मागं काय आहे सांग."

"हत्ती."

दुकानात हत्ती नव्हता.

"केवढा गं?"

"खूप मोठा. त्याचा कान फाटलाय. पांढऱ्या दोऱ्यानं शिवलाय."

तो कान आत्यानंच शिवला होता. राखाडी दोरा मिळेना म्हणून पांढऱ्यानं. तो हत्ती पहिल्या मांडणीत दारापाशी असायचा. पुढं त्याला कसर लागली आणि टाकून दिला. त्याला सात वर्षं झाली होती.

ही मुलगी पहिल्या मांडणीत उभी होती.

"मावशी," ठकू म्हणाली, "इथले दिवे जायला लागलेत."

आत्यानं वर बघितलं. तिच्या दुकानात सगळे दिवे लागलेले होते.

"कुठले गेले?"

"लांबचे. आता अजून एक रांग गेली..."

दुकान बंद करताना दिवे रांगेनं घालवतात. अकरा रांगा, अर्ध्या अर्ध्या मिनिटानं एक. त्या पोरीपाशी पाच मिनिटंही नव्हती.

"मी सांगते तशी चालशील? मला वाट माहितीये."

"तू काढलीस?"

"हो बाळा. मीच काढली."

"मग सरळ का नाही काढलीस?"

आत्यानं फटीशी तोंड नेलं.

"बोट सोड आता," ती म्हणाली. "हत्तीकडं पाठ कर. निळी सतरंजी दिसते? त्यावरून जा."

मूठ सुटली. पावलं ऐकू आली, अनवाणी पावलांसारखी... मऊ. आत्यानं कान फळीला लावला. पहिलवानही तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला.

"सतरंजी संपली."

"भातुकलीची भांडी असतील. त्यांना उजवा हात लावत लावत चाल."

"लावला."

"आता बाहुल्या. बाहुल्यांकडं बघू नकोस, थांबशील. पुढं हो."

"त्या माझ्याकडं बघतायत."

"बघू देत. तशाच बसवल्यात मी त्यांना. तू चाल."

आवाज बारीक होत चालला होता. आत्या डोळे मिटून ती वाट आठवत होती. हे वळण. मग ते. ज्या ज्या जागी तिनं पोरांना थांबायला लावलं होतं, त्या त्या जागी आता 'थांबू नकोस' म्हणत होती. ओठांवर देवाचं नाव होतं, आणि मधेमधे ठकूचं.

"आगगाडीचं टेबल आलं," ठकू म्हणाली. मग तिचा श्वास ऐकू आला, धावल्यासारखा. "मावशी, माझ्या डोक्यावरची रांग तेवढी राहिलीये."

"आलंच आता. टेबलापाशी..."

आणि आत्या थांबली.

टेबलापाशी वाट फाटायची. एक फाटा पैसे द्यायच्या गल्ल्याकडं आणि बाहेर. दुसरा गोदामात. गोदामाचं दार आपोआप लागायचं आणि आतून उघडायचं नाही. गिऱ्हाइकं सारखी तिकडं शिरायची, म्हणून तर दुसऱ्या मांडणीत आत्यानं तो फाटा काढून टाकला होता.

बाहेरचा फाटा कुठला... डावा की उजवा?

"मावशी, दोन वाटा आहेत."

"थांब हं. एक क्षण."

सोळा नकाशे डोळ्यांपुढं एकावर एक पडले. एकात टेबल भिंतीला, एकात मधोमध, एकात उलटं. पहिला त्यात होता, पण बाकीच्यांतून वेगळा काढता येईना. तो कागद तिनंच फाडला होता, चार तुकडे करून.

"पहिलवान, पहिल्या मांडणीत बाहेरचं दार..."

"ताई, मी दोन वर्षांपूर्वी आलो."

"मावशी... दिवा लुकलुकतोय."

"डावीकडं," आत्या म्हणाली. "डावीकडं पळ."

पावलं पळाली.

एक दार उघडल्याचा आवाज आला.

मग ते दार लागलं.

मग काही नाही...

आत्यानं हाका मारल्या. पहिलवानानं मारल्या. सगळं कपाट ओढून बाजूला केलं, भिंतीवर थापा मारल्या. दुकानाचे साहेब धावत आले, चार गिऱ्हाइकं गोळा झाली. साहेबांनी जुन्या नोंदी काढून दाखवल्या. त्या दुकानात हरवलेलं प्रत्येक पोर त्याच दिवशी सापडलं होतं. ठकू नावाच्या कुणाचीच नोंद नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आत्यानं जुनी माणसं शोधायला घेतली.

सुरुवातीपासून गल्ल्यावर बसणारी बाई भेटली. "डावीकडंच की," ती म्हणाली. "माझ्या डाव्या हाताला बाहेरचं दार. वारा यायचा, नेहमी डावा खांदा धरायचा माझा."

आत्या रडली म्हणे तिथंच. सुखानं.

घरी येताना अर्ध्या वाटेत तिचे पाय थांबले. ती परत गेली.

"तू बसायचीस ती कुणीकडं तोंड करून?"

बाई विचारात पडली. "गिऱ्हाइकांकडं असेल. नाही... आधी खुर्ची भिंतीकडं होती. मग फिरवली. कधी फिरवली बरं?"

जुना पहारेकरी म्हणाला, गोदाम डावीकडं होतं, कुलूप मीच लावायचो. पण तो बाहेर पडायच्या दारातून उलटा आत येऊन कुलूप लावायचा. त्याची डावी कुठली, त्यालाही सांगता येईना.

आत्यानं साहेबांना विनवलं, एका दिवसासाठी पहिली मांडणी लावू द्या, मी गुडघ्यांवर चालून बघते, पायांना आठवेल. साहेब भले गृहस्थ. त्यांनी तिला महिनाभर सुट्टी दिली. ती परत कामावर गेलीच नाही.

याला बरीच वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडं गेलो होतो. ती स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. टेबलावर मिठाची बरणी, पुढं घडी केलेला रुमाल, मग वाट्या, मग वाकडेतिकडे लावलेले चमचे. दुकान मांडलं होतं तिनं.

"आत्या, सुटली असेल गं ती," मी म्हणालो.

"तू होतास तिथं?"

तिनं माझा हात धरला आणि माझं बोट बरणीपाशी टेकवलं. मग हळूहळू पुढं नेलं. रुमालावरून, वाट्यांच्या कडेनं, चमच्यांमधून. शेवटच्या चमच्यापाशी वाट फुटत होती, तिथं तिनं माझा हात सोडला.

"सांग," ती म्हणाली. "मला काही म्हणायचं नाही. तू सांग, कुठं वळायचं?"

पंखा फिरत होता. ती वाट बघत होती.

मी बोट उचलू शकलो नाही. वळवूही शकलो नाही.