टाकीच्या तोंडावरचा बिल्ला

ही गोष्ट माझ्या मामाची आहे, आणि ती जशी घडली तशीच सांगतोय. मामा थापा मारणाऱ्यातला नाही. उलट त्याच्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे दात काढण्याइतकं कठीण.

मामा मालवाहू जहाजावर खलाशांचा मुकादम होता. त्या दिवशी भर दुपारी जहाज धक्क्याला रिकामं उभं होतं. संध्याकाळी निघायचं होतं.

रिकामं जहाज समुद्रात डोलू नये म्हणून तळाच्या टाक्यांत पाणी भरतात. त्यातल्याच एका टाकीतला गाळ काढून झाला होता. सलग जागरणं झाल्यामुळे सगळे झोपेने झिंगलेले.

टाकीच्या कामाचे नियम मामा रोज कानीकपाळी ओरडून सांगायचा. आत जाताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला तोंडाजवळच्या हुकाला अडकवायचा. बाहेर आल्यावर ज्याचा त्यानेच काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. हुक रिकामा दिसल्याशिवाय झाकण लावायचं नाही.

आणि तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाने अधूनमधून तीन ठोके द्यायचे. आतल्याने तीन ठोक्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही, तर एकट्याने आत शिरायचं नाही, आधी माणसं गोळा करायची.

हे मात्र कुणाला जमत नाही, असं मामा म्हणतो. आपला माणूस आत गप्प झाला की हातपाय थांबत नाहीत. वाचवायला गेलेलाही आतच राहतो. टाकीतली हवा कधी दगा देईल, सांगता येत नाही.

सगळे बाहेर आले. तेवढ्यात मामाला आठवलं, पाना आतच राहिलाय.

तोंडाशी लंबू नावाचा खलाशी होता. तो पाणी प्यायला गेलेला. मामाने मनात म्हटलं, खाली जायचं नि वर यायचं, त्यासाठी कसला बिल्ला... आणि तो तसाच उतरला.

बिल्ला त्याच्या खिशात राहिला.

पाना सापडला. मामा वळला, तोच वरचा उजेड गेला.

मग बोल्ट आवळल्याचा आवाज...

मामा शिडीवर धावला. झाकणावर मुठी आपटल्या, घसा फाटेपर्यंत ओरडला. पण वर यंत्रं धडधडत होती. त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना.

आणि खाली पाणी यायला लागलं.

मामाच्या पाचावर धारण बसली. आपणच घातलेल्या नियमाने आपल्याला कोंडलं, याचं त्याला रडू आलं. मामीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

त्याने पान्याने शिडीवर तीन ठोके दिले.

काहीच नाही.

पुन्हा तीन.

आणि मग... ठक. ठक. ठक.

मामाचा जीव भांड्यात पडला. क्षणभरच. कारण ठोके वरून आले नव्हते.

ते खालून आले होते.

त्याने बॅटरी फिरवली. काळं पाणी, लोखंडी भिंती. माणूस नाही.

ठक. ठक. ठक. या वेळी जवळून.

मग पाण्यात पाय टाकल्याचा आवाज. छप... छप... आणि शांतता.

मामाने श्वास रोखला. हातातला पाना हलू दिला नाही.

पुढचे तीन ठोके त्याच्या पायाखालच्या पायरीवर पडले. तळव्यांना कळले.

त्याच क्षणी झाकण उघडलं.

लंबूने त्याला बखोटीला धरून बाहेर ओढलं. "मुकादम, मी बंद केलं तेव्हा हुक रिकामा होता हो. पान्याची पिशवी न्यायला परत आलो, तर तुमचा बिल्ला लटकत होता."

मामाने खिसा चाचपला. त्याचा बिल्ला खिशातच होता.

हुकावर दुसराच लटकत होता. हिरवा पडलेला, आकडा झिजून गेलेला. त्यातून पाणी ठिबकत होतं.

पाणी थांबवलं, टाकी धुंडाळली. आत कुणी नव्हतं. कप्तान चिडला, निघायला उशीर होत होता. त्याने पुन्हा पाणी भरायला सांगितलं.

पण बिल्ला कुणी काढेना. ज्याचा त्यानेच काढायचा ना...

हुकाला तसाच ठेवून झाकण लावलं. सकाळी पाहिलं, तर हुक रिकामा. लंबू म्हणाला, लाटेने पडला असेल. पण त्या हुकाला कडी होती, आणि ती नीट लावलेली होती.

पुढच्याच बंदरात मामाने जहाज सोडलं. आता तो एका गोदामात देखरेख करतो.

मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. मामा आंघोळीला गेलेला, मामी स्वयंपाकघरात. मी बाथरूमच्या दारासमोरच बसलो होतो. दाराशी कुणीच नव्हतं.

ठक. ठक. ठक.

माझ्या डोळ्यांसमोर ते दार थरथरलं.

आतून मामाने लगेच उत्तर दिलं. तीन ठोके. मामीने भाजी चिरता चिरता मानसुद्धा वर केली नाही.

मामा बाहेर आला, तेव्हा मी धीर करून विचारलं, "मामा, एखाद्या वेळी उत्तर नाही दिलं तर?"

तो टॉवेलने डोकं पुसत राहिला.

"मग तो आत येईल रे. मला काढायला."

मी त्या दिवशी आंघोळ न करताच परत आलो. आता माझ्या घरीही बाथरूमची कडी लावायला मन धजत नाही. बायको हसते, हसू दे.