लाल रेघ उजवीकडे

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी नमुना-भांडाराच्या दारात एक पेटी पडली. आत समुद्रतळाखालून काढलेला खडक होता, मनगटाएवढ्या जाडीच्या तुकड्यांत. पेटी ज्याच्या हातून निसटली तो जहाजावरचा भूवैज्ञानिक. नोकरी कंत्राटी, कान लालबुंद.

नोंदी ठेवणारी ती टेबलामागून उठली आणि पाच मिनिटांत सगळे तुकडे जागेवर लावून मोकळी झाली.

"खुणा न बघता?"

"कण बघून. खाली भरड वाळू, वर बारीक, सगळ्यात वर चिखल."

त्याला हे ठाऊक होतं, तरी त्यानं ते तिच्या तोंडून ऐकून घेतलं. उतारावरचा गाळ सुटतो, गढूळ लोंढा खोल तळापर्यंत धावतो, पंख्यासारखा पसरतो आणि दमतो. जड कण आधी टेकतात. चिखल मात्र कित्येक दिवस तरंगत राहतो. मग पुन्हा लोंढा, पुन्हा तोच क्रम. त्याचेच पुढे वाळूचे आणि चिखलाचे दगड होतात.

"जड ते आधी बसतं, तर मला खुर्ची द्या," तो म्हणाला. "मन फार जड झालंय."

"नाश्ता जड झाला असेल," ती म्हणाली… पण खुर्ची दिली.

पाच आठवडे तो त्या खुर्चीवर बसला. तिच्या गळ्यातल्या भिंगावरून तिला 'भिंगबाई' म्हणू लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. त्यानं आईला सांगितलं. भिंगबाईनं आपल्या ताईला सांगितलं, आणि ताईनं चिडवून चिडवून तिला सुखानं जेवू दिलं नाही.

सहाव्या आठवड्यात ती चौदा ते एकोणीस क्रमांकाच्या पेट्यांपाशी पोचली. जहाजावर प्रत्येक तुकड्यावर दोन उभ्या रेघा ओढतात. वरची बाजू वर धरली की लाल उजवीकडे, काळी डावीकडे. या सहा पेट्यांत रेघांप्रमाणे तुकडे लावले, तर भरड वाळू वर येत होती. रेघा त्याच्या हातच्या होत्या. दारात पडलेली पेटी यांतलीच, सोळावी. त्या दिवशी तिनं रेघांकडे बघितलंच नव्हतं. बघत होती ती दुसरीकडे.

त्याचा अहवाल याच पेट्यांवर उभा होता आणि समुद्रात पुढची विहीर कुठे खोदायची हे त्या अहवालावर. त्याची कायम नेमणूकही.

तिनं ते त्याला दाखवलं. तो हळूच म्हणाला, "पेटी पडली होती ना इथे… तेव्हाच उलटसुलट झालं, असं लिही. तुझी नोकरी पक्की आहे. तुला फार तर समज देतील."

"पडली एक. उलट्या सहा आहेत."

"सहा कोण मोजतंय?"

"मी," ती म्हणाली. "माझं कामच ते आहे."

"आणि आपलं काय?"

तिनं एका तुकड्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली. पुसण्यासारखी धूळ त्यावर नव्हती.

गुरुवारी दुपारी चार पन्नासला तिनं नोंद पाठवली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'जहाजावर रेघांची अदलाबदल. पेटी सोळा लावताना माझ्याही लक्षात आली नाही.' तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे.

शुक्रवारी सकाळी त्याच्या आईचा फोन आला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. अंगठीसाठी बोटाचं माप हवं होतं.

तिनं माप सांगितलं.