आत्याला समुद्र दाखवायचा होता

तंबूची चेन मध्येच अडकत होती. टिल्लीनं दोन्ही हातांनी ओढली, ती एकदाची उघडली, आणि आत एक उंच मुलगा छत डोक्यावर घेऊन उभा होता.

घर डोक्यावर घेणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. तंबू डोक्यावर घेतलेला माणूस मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती.

"हलता येत नाही," तो ओशाळून म्हणाला. "मधला खांब मोडलाय. मी हललो की... सगळंच खाली बसेल."

"पण हा तंबू आमचा आहे."

"माझाही. म्हणजे, सकाळी मला तसं सांगितलंय."

कॅम्पच्या मॅनेजरनं एकच तंबू दोघांना देऊन टाकला होता. बोलावल्यावर तो डोकं खाजवत आला, मोडक्या खांबाचं खापर वाऱ्यावर फोडून, शेजारच्या तंबूकडे बोट दाखवून निघून गेला. त्या तंबूची एक अख्खी बाजू फाटून लोंबत होती. उंच मुलानं वाद घातला नाही. टिल्लीमागे उन्हात उभ्या असलेल्या आत्याकडे त्यानं एकदा पाहिलं, कुठूनसा बांबू आणून मोडक्या खांबाला टेकू दिला आणि आपली बॅग उचलून फाटक्या तंबूत गेला. त्याच्याबरोबर येणाऱ्या मित्रांनी आयत्या वेळी टांग दिली होती, एवढं त्यानं जाता जाता सांगितलं.

टिल्ली चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची. उंचीनं बेताची, म्हणून टिल्ली. हे नाव आत्यानंच पाडलेलं. आई गेल्यापासून आत्यानं शाळेचे गणवेश शिवून शिवून तिला वाढवलं होतं. आणि आता त्याच आत्याची नजर कडेकडेनं मिटत चालली होती. गेलेली परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले; उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. आत्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. म्हणून तर ही सहल. कॅम्पच्या जाहिरातीतल्या फोटोत सगळं कसं देखणं होतं... पांढरेशुभ्र तंबू, झुले, वाळूपर्यंत उतरणारा लाकडी जिना.

झुल्यांच्या दोऱ्या कुजल्या होत्या. नळ आधी खोकायचा, मग गंजाचं पाणी थुंकायचा. बाथरूमच्या दाराला कडी नव्हती. गादीला असा कुबट वास की आत्या म्हणाली, "यात आधीचा माणूस अजून झोपलेला नाही ना, बघ बाई." तेवढ्यावर टिल्ली हसली. पण जिना पाहिल्यावर तिचं हसू मावळलं. वरच्या चार पायऱ्या, आणि पुढे नुसता कठडा. समुद्र खाली होता, मध्ये उंच दरड. वरून आत्याला फक्त करडा उजेड दिसत होता.

"छान आहे गं," आत्या म्हणाली. भलत्याच दिशेला पाहत.

टिल्लीला रडू फुटलं. तोंड धुवायच्या निमित्तानं ती नळाशी गेली, तर नेमकं तेव्हाच नळाला पाणी नव्हतं. उंच मुलानं आपली बाटली पुढे केली. काय झालं ते विचारलं नाही, आणि म्हणूनच बहुधा तिनं त्याला सगळं सांगून टाकलं.

"मी लिफ्ट दुरुस्त करतो," ऐकून झाल्यावर तो म्हणाला. "माणसांना खाली-वर नेणं हाच धंदा. आत्यांना पाठुंगळीला घेऊ का?"

"आणि पडलात तर?"

"तर तुम्ही असालच पुढे... झेलायला."

"मी? माझी उंची पाहिलीत का?"

"सकाळपासून दुसरं काय पाहतोय," तो बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला.

आत्या आधी नाही म्हणाली, मग लाजली, मग तयार झाली. ऊन कलल्यावर ते दरडीच्या कडेच्या पायवाटेनं निघाले. टिल्ली पुढे, कुठे पाय ठेवायचा ते सांगत. मागे तो, पाठीवर आत्याला घेऊन. वाळूवर उतरल्यावर आत्यानं चपला काढल्या. पहिली लाट पायांवरून गेली आणि तिची अखंड चाललेली बडबड थांबली.

"कोण गं एवढा मोठा श्वास टाकतंय?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

कुणीच नव्हतं. मग त्या दोघांनाही ऐकू आला... एक खोल, ओला, लांबलचक श्वास. समोरचं पाणी फुगलं. त्यातून एक काळी पाठ वर आली, आणि येतच राहिली. आता संपेल, आता संपेल, असं टिल्लीला वाटत होतं आणि ती संपत नव्हती. फवारा उंच उडाला, उतरत्या उन्हात सोन्यासारखा चमकला. त्या प्रचंड पाठीला अगदी खेटून दुसरी एक चिमुकली पाठ होती. देवमाशाचं पिल्लू.

"आत्या... दिसतंय?"

"दिसतंय गं," आत्या कुजबुजली. "पण डोळ्यांत मावत नाहीये."

शेपटी पाण्याबाहेर उठली, धारा गाळत क्षणभर थांबली आणि आवाज न करता खाली गेली. पिल्लूही गेलं. पाणी पुन्हा सपाट झालं.

मग टिल्लीच्या लक्षात आलं, आपला हात त्याच्या हातात आहे. कुणी कुणाचा धरला, देव जाणे. तिनं तो काढून घेतला नाही. एवढं अफाट काही शेजारून गेल्यावर लाजायला, घाबरायला मनात जागाच उरली नव्हती.

"उद्या जाणार तुम्ही?" तिनं विचारलं.

"आजच जाणार होतो. दुपारच्या बसनं. बॅग भरलेलीच आहे."

"मग?"

"मग... नाही गेलो."

"का?"

"ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तरी ऐकायचंय."

त्यानं सांगितलं. हळू, अडखळत. निम्मंअधिक लाटांच्या आवाजात बुडालं, पण तिला हवं होतं तेवढं तिला नीट ऐकू आलं. मग तिनंही सांगितलं, एका वाक्यात. नजर समुद्रावरून न हलवता.

"माझे कान शाबूत आहेत, बरं का," पलीकडून आत्या म्हणाली. "चालू द्या. आणि मला इतक्यात वर नेऊ नका. उद्याही इथेच यायचंय मला."

त्या भिकार जागेत आणखी एक दिवस... टिल्लीनं एका क्षणात ठरवून टाकलं.

वारा गार झाला होता. उंच मुलानं अंगातलं जॅकेट काढून वाळूवर पसरलं.

"बसा," तो म्हणाला. मग थांबला. "बस. थंडी वाजत असेल तुला."

"वाजतेय," टिल्ली म्हणाली आणि थोडी सरकली. "तूही बस ना."