सत्तर किलो जादा

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं, याबद्दल लोकांची मतं फार ठाम असतात आणि ती बहुधा निवृत्त न झालेल्यांची असतात. आम्ही दोघांनी गाडी घेतली. मूळची मालवाहू, लांबट, पांढरी, आत सरळ उभं राहता येईल इतकी उंच. अख्खा हिवाळा खपून तिचं घर केलं. मागे आडवा पलंग, मध्ये सिंक आणि शेगडीचा ओटा, पुढे दोन आसनं. बायकोने तिचं नाव 'कासव' ठेवलं. मुलीचं म्हणणं असं की नाव छान आहे, पण ते गाडीपेक्षा तिच्या बापाला अधिक शोभतं.

बायकोची सगळी नोकरी शस्त्रक्रियेच्या खोलीत परिचारिका म्हणून गेली. त्या खोलीला खिडकी नव्हती. हिवाळ्यात ती अंधारात आत जाई आणि अंधारात बाहेर येई. मधला दिवस कसा होता हे मी तिला रात्री जेवताना सांगायचो. त्यामुळे कुठे जायचं याबद्दल चर्चा झालीच नाही. बोटीने समुद्र ओलांडायचा आणि उत्तरेकडे जात राहायचं, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही तिथपर्यंत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने नकाशा लावला होता. भाजी चिरता चिरता ती मध्येच उठे, ओल्या बोटाने एखादा रस्ता वर वर नेई आणि पुन्हा येऊन बसे. नकाशाच्या त्या भागातला कागद पावसाळी भिंतीसारखा फुगला होता. साठी उलटलेली बाई इतकी आनंदात असलेली मी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही काही कमी उतावीळ नव्हतो.

मी वजनमापांच्या प्रयोगशाळेत होतो. दुसऱ्यांच्या काट्यांत खोट काढणं हाच माझा पोटाचा धंदा. साहजिकच गाडीच्या वजनाचं खातं माझ्याकडे आलं. नियम साधा होता: गाडी, सामान, पाणी, इंधन आणि माणसं, सगळं धरून साडेतीन टन. त्यावर गेलं तर तपासणी केंद्र दाखला देणार नाही, आणि दाखल्याशिवाय गाडी बोटीवर चढणार नाही. मी चमचे तोलले. पडदे शिवण्यापूर्वी तोलले आणि शिवल्यावर पुन्हा तोलले. "अहो, माझा चष्मा धरलात का?" असं बायको येताजाता विचारी. तो मी धरला होता, हे मी तिला सांगितलं नाही.

सायकली, बाहेरचा मांडव आणि माझी दुर्बीण घरीच ठेवायचं ठरल्यावर बेरीज आली तीन हजार चारशे नव्वद. दहा किलोंची सवड. मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला.

बांधकाम साहित्याच्या एका वखारीत खडीचे ट्रक तोलायचा काटा होता. गाडी पूर्ण भरून, दोघंही आपापल्या जागी बसून, आम्ही त्यावर चढलो. समोरच्या पाटीवर तीन हजार पाचशे साठ असा आकडा आला.

सत्तर किलो जादा. माझं स्वतःचं वजन एकाहत्तर आहे, त्यामुळे पहिली शंका हीच आली की बेरजेत मी स्वतःलाच विसरलो. तपासलं. मी होतो, बायकोच्या खालोखाल.

"मागे कोणी झोपलंय का हो?" काटेवाल्याने खिडकीतून विचारलं. आम्ही हसलो. तरी मी मागचं दार उघडून पाहिलं; शंका आली की तपासायचं, एवढंच. आत नव्या प्लायवुडचा आणि गोंदाचा वास होता. पलंगाच्या फोममध्ये एक लांबट खळगा होता आणि तो सावकाश भरून येत होता. सकाळी बायको तिथे टेकली असेल.

दोष काट्यात असणार, हे गृहीत धरून मी जुन्या सहकाऱ्याकडून प्रमाण वजनं मागवली. काटा बिनचूक निघाला. मग गाडी संशयित झाली. पाण्याची टाकी रिकामी करून पाहिली, गाडीतल्या जमिनीखालची पोकळी उघडली, लाकडात ओल किती शिरू शकते याचा हिशेब केला. लाकूड पाणी पितं, पण सत्तर किलो पिऊन कोरडं राहत नाही.

मग मी आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, नंतर फक्त मागची. कोणत्या चाकांवर किती भार येतो हे कळलं की जादा वजन गाडीत कुठे आहे ते काढता येतं. शाळकरी गणित आहे. ते पलंगावर होतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोललं. सत्तरच. फक्त आता ते ओट्यापाशी होतं.

त्याच सुमारास आमचं एक छोटंसं भांडण झालं. मी रंगाच्या दुकानात गेलो होतो आणि बायको गाडीत पडदे टांगत होती. जेवताना ती म्हणाली की मघाशी एवढा सगळा रस्ता समजावून सांगितला, तो मी तासाभरात विसरलो कसा. मी म्हटलं, मघाशी मी घरी नव्हतो.

"काहीतरीच. मागे आडवे पडला होतात की. मी बोलत होते आणि तुम्ही नेहमीसारखं 'हं, हं' करत होतात."

मी वाद वाढवला नाही. माझं 'हं' हा मी हजर असल्याचा पुरावा नव्हे, असं पूर्वी तिनेच अनेकदा सुनावलेलं आहे.

तिसऱ्या वेळी ते माझ्या आसनाच्या मागे होतं. अगदी लगत; गुडघे टेकतील इतक्या अंतरावर. काटेवाल्याला आता आमच्या फेऱ्यांची मजा वाटू लागली होती. दोघांपैकी एकाने आगगाडीने यावं, म्हणजे प्रश्न मिटेल, असा सल्ला त्याने दिला. परतताना मी आतल्या आरशात एकदाही पाहिलं नाही. मागे वाहतूक फारशी नव्हती.

त्या दुपारी मी बायकोला आकडे दाखवले. जागेचं काही बोललो नाही. साठ किलो कमी करायचे तर काढण्यासारखं एकच उरलं होतं, हीटर आणि त्याची मोठी बॅटरी. ती काढली तर तिकडच्या थंडीत झोपणं अशक्य, म्हणजे उत्तरेचा बेत रद्द. यंदा जवळपास कुठेतरी जाऊन येऊ, असं मी सुचवलं.

तिने नकाशाच्या फुगलेल्या भागावरून बोट फिरवलं.

"माझा जन्म ट्यूबलाइटखाली गेला," ती म्हणाली. "काय हवं ते काढा. पण आपण जायचं."

"काढण्यासारखं काही नाही, अगं."

"असेल. तुम्ही नीट बघा."

तपासणीचा दिवस लखलखीत उजाडला. बायकोने नवे बूट घातले होते आणि ती मुलीला फोनवर रस्त्यातल्या प्रत्येक वळणाचं धावतं वर्णन ऐकवत होती. नापास झाल्यावर तिची समजूत कशी काढायची, ती वाक्यं मी मनात जुळवत होतो. केंद्रातल्या निरीक्षक बाईंनी हात हलवून गाडी काट्यावर घ्यायला लावली. इंजिन बंद. दोघंही आत. समोरच्या खांबावर लाल आकडे धावले आणि स्थिरावले.

तीन हजार चारशे नव्वद.

बायकोने टाळ्या वाजवल्या, मग माझा दंड धरून गदागदा हलवला. मलाही राहवलं नाही, मी मोठ्याने हसलो. माझी बेरीज किलोला किलो जुळली होती. काय बदललं ते मला ठाऊक नव्हतं आणि त्या क्षणी जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. आम्ही जाणार होतो.

निरीक्षक बाईंनी सहीसाठी बोलावलं. मी दार उघडून खाली उतरलो आणि सवयीने वर पाहिलं.

तीन हजार चारशे नव्वद.

काट्याला स्थिरावायला थोडा अवधी लागतो. मी तो दिला. मग विचारलं, आकडा गोठवून ठेवलाय का?

"नाही हो, चालूच आहे," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात बायकोला पाटीचा फोटो हवासा झाला. ती दुसऱ्या बाजूने उडी मारून उतरली. आकडा घसरला आणि तीन हजार चारशे पस्तीसवर थांबला. तिचं वजन पंचावन्न आहे. फोटो काढून ती परत चढली. पुन्हा नव्वद.

काटा चालू होता.

मी सही केली, दाखला घेतला आणि गाडीपाशी आलो. बायको समोरच्या रस्त्याकडे पाहत होती. चेहरा उन्हात होता.

"चला ना," ती म्हणाली. कुणाला, ते कळलं नाही. मी अजून बाहेर होतो.

मी दांडी धरली, पाय आत ठेवला, आसनावर बसलो, दार ओढून घेतलं.

काचेतून पाहिलं. नव्वद.

तो काटा पाच किलोंच्या टप्प्यांनी मोजतो; त्याहून कमी असलेलं त्याला दिसेलच असं नाही. तेव्हा माझं वजन शून्य आहे, असा निष्कर्ष काढणं अशास्त्रीय ठरेल. ते पाच किलोंपेक्षा कमी आहे, इतकंच म्हणता येतं.