चार पंखे आणि तापलेला संगणक

एक पंखा गार करतो, तर चार पंखे चौपट गार करतील. बरोबर की नाही? तुम्ही पटकन ‘बरोबर’ म्हणाला असाल तर वाईट वाटून घेऊ नका. चंद्रपूरच्या चार्वी बोरकुटेलाही असंच वाटलं होतं. तिनं आपल्या संगणकाच्या डब्यातले चारही पंखे आत वारा मारतील असे बसवले, हात झटकले आणि संगणक सुरू केला. संगणक पहिल्यापेक्षाही लवकर तापला आणि खटकन बंद पडला.

आता ही गोष्ट ज्या काळातली आहे, त्या काळात माणसं चंद्रावर वस्ती करून राहू लागली होती. औषधाचं दुकान छपरावर उडत येऊन गोळ्या टाकून जायचं. चंद्रपूरचा मे महिना मात्र काडीचाही सुधारला नव्हता. दुपारी दाराची कडी धरली की चटका बसायचा.

चार्वी संगणकावरचा खो-खो खेळायची. प्रत्येक जण आपापल्या घरी बसून खेळतो, पण मैदान एकच. सगळ्यांची धावपळ, उडणारी धूळ, सावल्या, ओरडणारे प्रेक्षक, हे सगळं चित्र संगणकाला क्षणाक्षणाला नव्यानं काढावं लागतं. एवढी मेहनत केल्यावर तो तापणारच. उपांत्य सामन्यात चार्वी खुंटाला वळसा घालत होती आणि नेमका तेव्हा पडदा काळा झाला. तिचा खेळाडू मैदानात खांबासारखा उभा राहिला आणि समोरच्यानं चालत येऊन त्याला बाद केलं.

संघ कसाबसा जिंकला. पण नंतर गडचिरोलीहून कर्णधार अस्मिता मडावीचा फोन आला.

“चार्वी, राग नको मानू. पण रविवारी महाबळेश्वरवाल्यांशी अंतिम सामना आहे. तिथं तुझा डबा बंद पडला तर आपण गेलो. शनिवारपर्यंत नीट नाही झाला तर तुझ्या जागी मी राखीव गडी घेते.”

चार्वीला अस्मिताचा राग आला. ती खरं बोलते आहे हेही कळत होतं, त्यामुळे रडूच आलं. वर्षभर सराव करायचा आणि अंतिम सामना बाहेर बसून बघायचा! त्याच तिरमिरीत तिनं डबा उघडला होता. समोरचे दोन पंखे आत वारा घेत होते, ते ठीकच. पण मागचा आणि वरचा पंखा चक्क गरम वारा फेकत होते. ‘हे तर उलटेच बसवलेत!’ असं म्हणून तिनं ते दोन्ही फिरवले. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

घरात तेव्हा एक पाहुणा होता. चार्वीच्या आबाजींनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, चंद्रावरची यंत्रं गार ठेवायची कशी याच अभ्यासात उभी हयात घालवली होती. त्यांच्याकडे चंद्रावरचा एक यंत्रमानव कोपराच्या दुरुस्तीसाठी आला होता. त्याचं नाव टिपूर. त्याच्या पाठीवर दोन रुंद पांढऱ्या पाट्या होत्या आणि बोटाच्या टोकाला तापमापक. तो चंद्रावरच तयार झाला, चंद्रावरच वाढला. हवा म्हणजे काय हे त्यानं जन्मात पहिल्यांदाच अनुभवलं होतं, त्यामुळे प्रश्न विचारून विचारून त्यानं घरच्यांना पार जेरीस आणलं होतं.

“चार्वी, टेबलावर हे फिरतं ते काय आहे?”

“पंखा आहे.” चार्वीचं तोंड फुगलेलंच होतं.

“तो काय करतो?”

“गार करते, आणखी काय?”

टिपूरनं पंख्यासमोर बोट धरलं. “पंखा बंद असताना एक्केचाळीस अंश. सुरू असताना एक्केचाळीस अंश. हा काहीच करत नाही.”

“असं कसं?” चार्वीनं आपला चेहरा पंख्यासमोर नेला. “मले तर चांगलं गार लागून राह्यलं! तुझं बोटच बिघडलं असंल.”

आबाजी बाजूच्या खाटेवर पडून काकडी खात होते. ते उठून बसले. “दोघंही खरंच बोलून राह्यले. आता भांडू नका, टिपूरच्या बोटाले ओली चिंधी गुंडाळून पाहा.”

चार्वीनं चिंधी भिजवून बोटाला गुंडाळली आणि पंखा लावला. टिपूर आकडे सांगू लागला. छत्तीस. एकतीस. सव्वीस. चार्वी बघतच राहिली.

“चिंधीतल्या पाण्याचं बाष्पीभवन (पाण्याची वाफ होऊन ती हवेत उडून जाणं) होत आहे,” टिपूर म्हणाला. “वाफ होण्यासाठी पाणी माझ्या बोटातली उष्णता घेत आहे.”

“अन् मले घाम आला आहे, म्हणून मले गार लागते!” चार्वी ओरडली. “पंखा हवा गार करतच नाही. तो माझा घाम वाळवते.”

“तुझ्या संगणकाला घाम येतो का?”

चार्वी हसली, मग विचारात पडली. संगणकाला घाम येत नाही. मग त्याच्यात पंखे बसवतात ते कशाला? तिनं आबाजींकडे पाहिलं. आबाजींनी काकडीची दुसरी फोड उचलली. त्यांचं हे नेहमीचंच होतं, ऐन वेळी त्यांच्या तोंडात काहीतरी असायचंच.

टिपूरनं डब्यात डोकावून पाहिलं. मधोमध प्रोसेसर (संगणकातली सगळी गणितं करणारा चौकोनी तुकडा) होता. त्याच्या डोक्यावर पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवलेला होता, त्याला हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेऊन ती पात्यांवर पसरवणारा धातूचा ठोकळा) म्हणतात.

“उष्णतेचं मला सगळं माहीत आहे,” टिपूर म्हणाला. “ती नेहमी जास्त गरम वस्तूकडून कमी गरम वस्तूकडे जाते. प्रोसेसर नव्वद अंशांवर, हवा एक्केचाळीसवर. म्हणजे उष्णता पात्यांतून हवेत जाणार.”

“मग पात्यांपाशची हवा गरम होणार. ती तिथंच बसून राहिली तर?”

“तर हवा आणि पाती यांच्या तापमानात फरक उरणार नाही. उष्णता जायची थांबेल.”

“म्हणून पंखा ती गरम हवा ढकलते अन् तिच्या जागी नवी येते!” चार्वीच्या डोक्यात आता चक्रं फिरू लागली होती. “पंखा म्हणजे हमाल आहे बाप्पा. तो ओझं नाहीसं नाही करत. इकडचं उचलून तिकडं नेते.”

“कुठे नेतो?” टिपूरनं विचारलं.

तेवढ्यात आबाजींनी खिडकीतला भलामोठा कूलर सुरू केला आणि टिपूरचं लक्ष तिकडे गेलं. गवताच्या ओल्या जाळ्यांमधून तो खोलीत गार वारा फेकत होता. “हे मला समजलं,” टिपूर म्हणाला. “मोठी ओली चिंधी. इथे हवाच गार होऊन येते. पण एक चूक आहे. बाहेर सेहेचाळीस अंश आहेत आणि तुम्ही समोरची खिडकी उघडी ठेवली आहे.”

आता मात्र चार्वीला हसू आवरेना. चंद्रपूरच्या पोरीला कोणी कूलर शिकवतं का? “अरे, चूक नाही ते! कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडावीच लागते. बंद केली तर खोलीत दमट होते, जीव गुदमरते. आतली हवा बाहेर गेल्याशिवाय बाहेरची नवी हवा आत येईन कशी? निघायले वाट तर पाह्य...”

वाक्य अर्धंच राहिलं. ती हळूहळू वळली आणि आपल्या संगणकाकडे बघू लागली. चार पंखे, चारही आत ढकलणारे. तो डबाही टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात, पाठ भिंतीला चिकटवून कोंबलेला.

“मी सगळ्या खिडक्यांत कूलर लावले,” ती म्हणाली. “अन् उघडी एकही नाही ठेवली.”

आबाजींनी काकडी खाली ठेवली. त्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवणं त्यांना जमलं नाही. तरी ते एवढंच म्हणाले, “खरंच तसं आहे का, पाहून घे. अगरबत्ती आण.”

संगणक सुरू करून, डबा थोडा पुढे ओढून अगरबत्ती त्याच्यापाशी नेल्यावर न दिसणारी हवा दिसायला लागली. समोर धरली तर धूर आत, मागे धरली तरी आत, वर धरली तरी आतच. मग कुठल्यातरी फटीतून थोडासा धूर बाहेर यायचा आणि शेजारचा पंखा त्याला पुन्हा आत ओढायचा. तीच तापलेली हवा डब्यात घिरट्या घालत होती. जे दोन पंखे गरम वारा फेकत होते ते आपलं काम चोख करत होते, आणि चार्वीनं नेमकं त्यांनाच कामावरून काढलं होतं.

मग दुरुस्ती सुरू झाली. आबाजींनी आधी संगणक बंद करून प्लग काढायला लावला. (तुम्हीही घरी असं काही करणार असाल तर मोठं माणूस जवळ हवं आणि प्लग काढलेला हवा. यात मी जराही सूट देणार नाही.) मागचा आणि वरचा पंखा पुन्हा फिरवला. पंख्याच्या कडेला बारीक बाण असतो, हवा कुठे जाणार ते तो दाखवतो. चार्वीनं तो आधी पाहिलाच नव्हता.

हीटसिंकच्या पात्यांमध्ये काळ्या धुळीचा जाड थर बसला होता. चंद्रपूरची कोळशाची धूळ कुठे पोचत नाही! चार्वीनं मऊ ब्रशनं ती काढली, पंख्याची पाती बोटानं धरून पुसली. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्ट (दोघांमधल्या बारीक फटी भरून उष्णता पुढे नेणारा लेप) असते, ती वाळून भुकटी झाली होती. ती आबाजींनी पुसून नवी लावली. डबा कप्प्यातून बाहेर आला आणि भिंतीपासून हातभर लांब उभा राहिला.

“कूलरच्या अगदी समोरच ठेवू का?” चार्वीनं विचारलं.

“नाही,” आबाजी म्हणाले. “कूलरचे थेंब उडतात. पाणी अन् वीज एकत्र नको. खोली गार ठेव, म्हणजे त्याले आपोआप गार हवा भेटते. खोलीतल्या हवेपेक्षा गार काही हे पंखे त्याले करू शकत नाहीत.”

शनिवारी सराव झाला. पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा अठ्ठ्याहत्तरवर चढला आणि तिथंच थांबला. अस्मिता म्हणाली, “ठीक आहे. उद्या तूच खेळ.” तिच्या आवाजात अजून शंका होती.

रविवारी महाबळेश्वरच्या मुलांनी सामना चांगलाच रंगवला. त्यांना काय, थंड हवेत बसून खेळत होती! शेवटच्या डावात चार्वीच्या संघाकडे एका गुणाची आघाडी होती आणि बचावाला मैदानात एकटी चार्वी उरली होती. शिट्टी होईपर्यंत ती टिकली की सामना जिंकला.

आणि कूलरचा वारा गरम झाला. टाकीतलं पाणी संपलं होतं. आईनं दुपारीच भरायला सांगितलं होतं, पण सामन्याच्या धांदलीत चार्वी ते साफ विसरली होती.

“खोली एकोणचाळीस,” टिपूर म्हणाला. “प्रोसेसर अठ्ठ्याऐंशी. एक्याण्णव.”

शंभरच्या जवळ गेला की संगणक जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. आबाजी बादली घेऊन धावले, पण टाकी भरून जाळ्या भिजायला वेळ लागणार होता. तिचा खेळाडू पळत होता, मागून ‘खो!’ ऐकू येत होता. हमाल तेवढेच. वाटही मोकळी. मग आणखी काय करता येईल?

ओझंच कमी करता येईल!

तिनं एका हातानं पळणं सुरूच ठेवलं आणि दुसऱ्या हातानं खेळाची मांडणी उघडली. प्रेक्षक बंद. सावल्या बंद. उडणारी धूळ, ढग, झाडं, सगळं बंद. झगमगतं मैदान गेलं. उरल्या पांढऱ्या रेषा, दोन खुंट आणि धावणारी ठोकळ्यांसारखी माणसं. दिसायला अगदीच दरिद्री चित्र होतं, पण ते काढायला संगणकाला फारसे कष्ट पडत नव्हते.

“चौऱ्याण्णव,” टिपूर म्हणाला. “चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. नव्वद.”

चार्वीनं उजवीकडे हूल दिली, खुंटाला वळसा घातला, पाठलाग करणाऱ्याचा हात तिच्या खांद्यापासून चार बोटांवरून गेला आणि शिट्टी वाजली.

हेडफोनमध्ये इतका गलका झाला की कोण काय ओरडतंय ते कळेना. मग अस्मिताचा आवाज आला. “चार्वी! ऐकून राह्यली का? पुढच्या वर्षी कोणी तुझ्या जागेबद्दल बोललं ना, तर मी त्यालेच बाहेर बसवते!” चार्वीला पुन्हा रडू आलं, पण हे रडू वेगळं होतं. पाण्याची बादली हातात घेऊन आबाजी दारातच उभे राहून नाचत होते आणि अर्धं पाणी फरशीवर सांडत होतं.

गडबड ओसरल्यावर चार्वीनं टिपूरला विचारलं, “तुमच्याकडं बाहेर हवाच नाही. मग तुमचं ओझं जाते कुठं?”

“माझ्या पाट्यांमधून प्रारणानं (उष्णता किरणांच्या रूपात फेकली जाणं) आकाशात जातं. त्याला हवा लागत नाही,” टिपूर म्हणाला. “पण आता माणसांच्या मुलांसाठी चंद्रावर एक मोठं सभागृह बांधत आहेत. त्यात हवा भरणार आहेत. इथे गरम हवा हलकी होऊन आपली आपण वर जाते. चंद्राची ओढ कमी, त्यामुळे तिथे ती फार आळशीपणानं वर चढते. पंख्यांवाचून भागणार नाही. पण हवेबद्दल आम्हा यंत्रांना काही कळत नाही.”

त्यानं पडद्यावर सभागृहाचा नकाशा उघडला. कोऱ्या भिंती होत्या, पंखे अजून कुठेच काढलेले नव्हते.

चार्वीनं खुर्ची पुढे ओढली. “आधी हे सांग,” ती म्हणाली, “इथं मुलं बसणार कोणत्या बाजूले?”