शेजारचा ब्रेक

"गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवत जा काकू, नुसती उभी राहिली की बॅटरी बसते," असं फिटरनं सांगितलं, म्हणून काकू गाडी बाहेर काढायला लागल्या. निमित्त एवढंच. पुढे जे घडलं त्यात फिटरचा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण तो बिचारा अजून स्वतःलाच बोल लावतो.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती. काकूंचे यजमान ते स्कूल चालवायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, आणि थट्टेनं काकूही सरच म्हणायच्या. टपावर शिकाऊची पाटी, आणि शेजारच्या सीटपुढेही एक क्लच, एक ब्रेक. दोन्ही बाजू एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे एकीकडे दाबलं की दुसरीकडेही पेडल खाली जाणार. सरांची दाबायची एक तऱ्हा होती. आधी हलकी टिचकी, म्हणजे 'सांभाळ'. मग पूर्ण दाब, म्हणजे 'आता तू काही करूच नकोस'. अर्ध्या गावाचे पाय ही भाषा ओळखत होते. काकू कितीही नीट चालवोत, सरांचा पाय आपला ब्रेकवर, आणि वर तोंड करून म्हणणार, मी कुठे काय करतोय? काकूंना त्याचा भयंकर राग यायचा. सर गेल्यावर त्या रागासाठीसुद्धा त्यांचा जीव तुटत होता.

गावात गाडी काढली की पाटी बघून मागचे उगाच हॉर्न मारायचे. काकू वैतागल्या आणि एका दुपारी सरळ जुन्या घाटाला लागल्या. खालून रुंद रस्ता झाल्यापासून तिकडे कोणी फिरकत नसे. पहिलं वळण घेतलं आणि दार लावावं तसा गावाचा आवाज बंद झाला. त्यांनी काच खाली केली. तापलेल्या गवताचा वास आत आला. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि दरीत ढगांच्या सावल्या सावकाश सरकत होत्या. एक वळण संपतंय तोवर पुढचं दिसायचं, ते आधीच्याहून देखणं. काकूंचे आखडलेले खांदे आपोआप सैल झाले. हॉस्पिटलातल्या रात्री, भेटायला येणाऱ्यांचे तेच तेच प्रश्न, घरातली रिकामी खाट, सगळं मागे पडत गेलं. आता एकच वळण आणि मग परतू, असं म्हणता म्हणता त्या बऱ्याच वर गेल्या.

वर एके ठिकाणी दरीवर वाकलेलं झाड आहे आणि त्याच्या बुंध्याशी डोकं उडालेला मैलाचा दगड. तिथे वळताना काकूंच्या पायाखालचा ब्रेक जरासा खाली गेला. टिचकी. मग पूर्ण गेला. गाडी गचका खाऊन बंद पडली.

काकूंनी शेजारी पाहिलं. सीट रिकामी होती. तिच्यापुढचा ब्रेक मात्र तळाला टेकलेला होता, आणि तसाच टेकून राहिला.

खरं तर भीती वाटायला हवी होती. काकूंना रडू आलं, आणि रडता रडता हसू फुटलं. "अहो, आता तरी माझ्यावर विश्वास ठेवा की," त्या म्हणाल्या. गाडी मागे वळवायला घेतली तेव्हा ब्रेक हळूच वर आला.

मग काय, नेमच झाला. काकू इस्त्रीचे कपडे घालायच्या, थर्मासमध्ये चहा भरायच्या आणि निघायच्या. त्याच दगडाशी तोच ब्रेक. तिथे थांबून त्या सगळं सांगायच्या. मोरी तुंबलीय, लेक वेळेवर जेवत नाही, शेजारीण फार बोलते. कधी कधी पुढे जावंसं वाटे. समोरचं वळण पिवळ्या फुलांनी भरून गेलेलं दिसायचं आणि तिकडून गार वारा यायचा. पण ब्रेक हटत नसे. एकदा काकूंनी हट्टानं इंजिन रेटून पाहिलं, तर अख्खी गाडी थरथरायला लागली आणि जळका वास सुटला. "राहू द्या बाई, तुमचंच खरं," म्हणत त्या परतल्या. दोघं जन्मभर एकमेकांशी असेच हट्टानं वागले होते, त्यामुळे त्यांना यात वावगं काही वाटलं नाही.

लेक सुट्टीवर घरी आली तेव्हा काकूंनी लाजत लाजत तिला हे सांगितलं. लेक मोठ्या ऑफिसात होती. फोन सतत वाजायचा, झोपतानाही उशाशी असायचा. ऐकून तिचा चेहरा उतरला. जोडणी अडकत असणार, ती समजावत म्हणाली. आज सरळ थांबलीस, उद्या ऐन वळणात ब्रेक अडकला तर गाडी घसरून दरीत जाईल. बाबा गेले, आता तूही? असं म्हणून ती रडायला लागली. तिच्या जागी कोणीही हेच म्हणालं असतं. मायलेकी गाडी घेऊन फिटरकडे गेल्या आणि शेजारचे दोन्ही पेडल काढायला सांगितले.

फिटरनं ते सांगाड्यासकट काढून टेबलावर ठेवले आणि बघतच राहिला. सरांना ॲडमिट केलं त्याच आठवड्यात त्यानं दोन्हींना नवं रबर घातलं होतं. क्लचचं अजून कोरं करकरीत होतं. ब्रेकचं झिजून आतलं लोखंड दिसत होतं.

"इतक्या जोरानं कोण दाबत होतं, काकू?" त्यानं विचारलं.

काकू दुसरीकडे बघायला लागल्या. रबरच हलक्या प्रतीचं असेल, असं लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक आईला घेऊन घाटात निघाली. एकदा डोळ्यांनी बघ म्हणजे मनातलं जाईल, असं तिचं म्हणणं. ती चालवत होती, काकू सरांच्या सीटवर. पहिल्या वळणापर्यंत फोन वाजत राहिला, मग गप्प झाला. दगड आला. काहीच झालं नाही. गाडी झाडाखालून अलगद पुढे गेली आणि काकूंना वाटलं, आपला माणूस आज दुसऱ्यांदा गेला. लेकीला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्यामुळे त्यांच्या ध्यानात यायला उशीर झाला. रस्ता सुंदरच होता. पण गवत वाऱ्यानं हलत होतं आणि त्याचा आवाज येत नव्हता. पाखरांचा नाही. गाडीच्या इंजिनाचासुद्धा लांबून कुठून तरी आल्यासारखा. मग कडेला एक गाडी उभी दिसली. पुढे आणखी एक. मग ओळच लागली, दरी बघायला माणसं गाडी बाजूला घेऊन थांबतात ना, तशी. सगळ्यांवर धुळीचा थर, चाकांतून वर आलेलं गवत. एकीच्या टपावर थर्मास होता, झाकण उघडलेला. आत माणूस कुठेच नव्हतं. आणि सगळ्या गाड्यांच्या काचा खाली होत्या.

"वळव गाडी," काकू म्हणाल्या.

"थोडंसंच पुढे, आई… किती शांत आहे…"

लेकीचा आवाज झोपेतल्यासारखा होता. तिचे हात स्टिअरिंगवर नुसते टेकलेले होते आणि गाडी आपली आपण वळणं घेत होती. काकूंनी दोन्ही पाय पुढे दाबले. पुढे नुसता पत्रा. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. सर त्यांना भेटायला ब्रेक दाबत नव्हते. त्यांनी इकडे येऊ नये म्हणून दाबत होते, रबर झिजेपर्यंत, जिवाच्या आकांतानं. आणि आपण तो ब्रेक आपल्या हातानं काढून ठेवला.

काकूंनी हँडब्रेक ओढला. गाडी आडवी फिरून थांबली. लेकीला ओढून त्यांनी शेजारी बसवलं आणि स्वतः गाडी वळवून खाली आणली. दगड मागे पडला तसा लेकीचा फोन वाजायला लागला. तो कोणा दुसऱ्याचा असावा तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी काकूंनी ठणकावून सांगितलं की पेडल परत बसवायचे आणि त्या घाटाचं नाव काढायचं नाही. लेकीनं सगळ्याला मान डोलावली. ताटातलं अन्न चिवडत एकदाच म्हणाली, "पुढे अजून किती वळणं असतील गं?" काकूंनी तिला आपल्याजवळ झोपवलं आणि किल्ली स्वतःच्या उशीखाली ठेवली.

सकाळी मात्र लेक अगदी पहिल्यासारखी उठली. केस घट्ट बांधले, मोरीवरून आईला बोलली, ऑफिसच्या एका माणसाला फोनवर झापलं. गाडी फिटरकडे टाकते आणि पेडल बसवून आणते, तू रात्रभर जागी होतीस, पड जरा, असं म्हणाली. काकूंना हायसं वाटलं. त्यांनी किल्ली दिली.

दुपारी फिटरचा फोन आला. पेडल कधी बसवायचे, गाडी केव्हा आणताय, असं विचारत होता. गाडी त्याच्याकडे पोहोचलीच नव्हती. मग त्याचा आवाज एकदम खाली आला.

"काकू… तो ब्रेक टेबलावर काढून ठेवलाय ना… तो हलतोय."

"कसा?"

"आधी जरासा… मग पूर्ण खाली. परत वर. परत तसंच… आणि जोर वाढत चाललाय."

त्यानं फोन टेबलाजवळ नेला असावा. टक्. मग स्प्रिंगची लांब करकर. परत टक्. काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्यांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला, अंगाचा सगळा भार त्याच्यावर.

आवाज थांबला.

"खाली जाऊन थांबलाय, काकू," फिटर म्हणाला. "वर येत नाहीये… कोणीतरी धरून ठेवल्यासारखा."

शेजारीण आली तेव्हाही काकू तशाच उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी पाय उचलायला तयार नव्हत्या. माणसं घाटात गेली, सगळीकडे शोधून आली. दगडापाशी चाकं घासल्याचे काळे पट्टे दिसले, ते वळणाच्या मध्येच संपत होते. गाडी दरीतही मिळाली नाही, आणि पुढे उभ्या गाड्यांची ती ओळही कोणाला दिसली नाही.

टेबलावरचा ब्रेक अजून खालीच आहे. चार जणांनी ओढून पाहिला, उचलत नाही. फिटर रोज सकाळी कुलूप काढलं की आधी तिकडे बघतो आणि काकूंना फोन लावतो. काकू विचारतात, "आहे?" तो म्हणतो, "आहे." तेवढ्यावर त्यांचा दिवस निघतो.

परवापासून मात्र एक गोष्ट तो त्यांना सांगत नाही. ब्रेकच्या शेजारी पडलेला तो कोऱ्या रबराचा क्लच आता अधूनमधून हळूच खाली जातो, कोणीतरी गिअर टाकून निघायच्या बेतात असल्यासारखा.